२५ मीटर पिस्तुलाचा ट्रिगर कसा सेट करावा

‘ट्रिगर जरा हलका करून द्या’ ही मागणी रेंजवर कायम ऐकू येते. पण वजन टाकून पाहिलं तर बहुतेक वेळा ट्रिगर जड नसतोच. तो खरखरत असतो, दर वेळी थोड्या वेगळ्या जागी सुटत असतो, किंवा सुटल्यावर मागे मोकळा धावत असतो, आणि बोटाला हे सगळं ‘जड’ म्हणूनच कळतं. २५ मीटरच्या सर्व आंतरराष्ट्रीय पिस्तूल प्रकारांत ट्रिगरचं वजन किमान १००० ग्रॅम असावंच लागतं, त्यामुळे हलकेपणाला तशीही फार जागा नाही. प्रत्येक गोळी त्याच जागी, त्याच दाबाला सुटली पाहिजे. हा लेख तेवढ्यासाठी आहे.

इथे समोर धरलं आहे ते .२२ लाँग रायफल काडतुसाचं सेमी-ऑटोमॅटिक टार्गेट पिस्तूल: पार्दिनी एसपी, वॉल्थर जीएसपी, मोरिनी सीएम २२एम, फाइनवेर्कबाऊ एडब्ल्यू ९३ या जातीचं. २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी सुवर्ण मिळवलं तो महिलांचा २५ मीटर पिस्तूल प्रकार, तसेच स्टँडर्ड पिस्तूल आणि रॅपिड फायर, हे सगळे याच पिस्तुलांनी खेळले जातात. या पिस्तुलांत ट्रिगर सेट करायचे स्क्रू कारखान्यातूनच दिलेले असतात. कोणता स्क्रू कुठे आहे आणि कोणत्या दिशेला फिरवल्यावर काय होतं, हे प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं असतं. म्हणून आपल्या पिस्तुलाचं मॅन्युअल उघडं ठेवूनच काम करा. काम कोणत्या क्रमाने करायचं ते मात्र सगळीकडे सारखंच आहे.

आत काय घडतं

ताणलेला हॅमर (फायरिंग पिनवर आपटून काडतूस फोडणारा भाग) सिअरच्या, म्हणजे त्याला रोखून धरणाऱ्या खिटीच्या, नाकावर अडकलेला असतो. बोटाने ट्रिगर मागे आणला की आधी फर्स्ट स्टेज येते: मोकळी, स्प्रिंगच्या दाबाची, काही मिलिमीटरची चाल. मग भिंत लागते. तिथून पुढे सिअर हॅमरच्या खाचेतून निघू लागतो आणि निसटला की गोळी सुटते. ही सेकंड स्टेज. सुटल्यानंतर ट्रिगर आणखी मागे जातो, त्याला आवर घालायला ट्रिगर स्टॉप असतो.

दोन गोष्टी नीट ध्यानात घ्या. फर्स्ट स्टेजची स्प्रिंग सेकंड स्टेजमध्येही दाबलेलीच राहते, त्यामुळे एकूण वजन म्हणजे दोन्हींची बेरीज. फर्स्ट स्टेज ७०० ग्रॅमची असेल आणि एकूण १०४० ग्रॅम हवे असतील, तर भिंतीपाशी बोटाला फक्त ३४० ग्रॅम वाढवायचे आहेत. चांगला ट्रिगर १००० ग्रॅमचा असूनही हलका का वाटतो, ते यात आहे. दुसरी गोष्ट अशी की सेमी-ऑटो पिस्तुलात दर गोळीनंतर स्लाइड किंवा बोल्ट जोरात मागे-पुढे आपटतो आणि त्या हादऱ्यातच सिअरला हॅमर पुन्हा पकडायचा असतो. सिअरची पकड फार कमी केली तर तो हॅमर निसटतो आणि एकाच दाबाला दोन गोळ्या जातात. एअर पिस्तुलावर हात बसलेल्यांना हा धोका नवा असतो, कारण तिथे एका वेळी एकच छर्रा असतो.

आधी सुरक्षितता

मॅगझिन काढा, स्लाइड मागे अडकवा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि बारीक काडीने चाचपून खात्री करा. काम चाललं आहे त्या खोलीत एकही जिवंत काडतूस नको. डबीत, खिशात, बॅगेतही नको. नळी कायम जिथे गोळी गेली तरी इजा होणार नाही अशा दिशेला.

ड्राय फायरबद्दल, म्हणजे काडतुसाशिवाय ट्रिगर ओढून हॅमर पाडण्याबद्दल, एक ताकीद. .२२ काडतूस रिमफायर आहे, म्हणजे फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर आपटते. चेंबर रिकामं असेल तर काही पिस्तुलांत ती थेट चेंबरच्या कडेवर बसते, तिथे खाच पडते आणि पुढे काडतूस अडकू लागतं. पिस्तुलात ड्राय फायरची वेगळी सोय असेल तर तीच वापरा, नसेल तर प्लास्टिकची डमी काडतुसं आणा आणि थोड्या ठोक्यांनी ती फिरवत राहा. झाडलेल्या रिकाम्या टोप्या डमी म्हणून वापरू नका. त्या दिसायला जिवंत काडतुसासारख्या असतात, आणि असा घोळ एकदाच पुरतो.

लागणारं साहित्य

व्यवस्थित मापाच्या मेट्रिक ॲलन की आणि छोटे स्क्रू ड्रायव्हर (घासलेल्या चावीने स्क्रूचं डोकं गोल होतं आणि मग तो निघतच नाही), भिंग, बारीक टोकाचा मार्कर, सॉल्व्हंट, पातळ गन ऑइल, थोडं मॉलिब्डेनम ग्रीस, दात कोरायच्या काड्या, सुती कापड, एक वही. आणि वजन.

वजनासाठी डिजिटल ट्रिगर गेज मिळतो, पण त्याचा आकडा ओढण्याच्या वेगावर आणि कोनावर बदलतो. स्पर्धेतली तपासणी लटकत्या वजनाने होते: नळी उभी धरायची, वजनाची कडा ट्रिगरच्या मध्याजवळ टेकवायची, आणि आडव्या पृष्ठभागावर ठेवलेलं वजन पूर्ण उचलायचं. तीन प्रयत्न मिळतात. घरीही अशीच मोजणी करा. एक लिटरची प्लास्टिक बाटली घ्या, तिच्या तोंडाला जाड तारेचा हूक बांधा, आणि हुकासकट किचन वजनकाट्यावर ठेवून हवं तेवढं पाणी भरा. पाणी कमी-जास्त करून ७०० ग्रॅमही करता येतं आणि १०४० ही. बाटली गच्च भरली तरी कमी पडलं तर थोडी वाळू घाला. तारेची कडा ट्रिगरच्या मध्यावर टेकू द्या, टोकाला सरकू देऊ नका: खाली सरकली की तरफेची लांबी वाढते आणि तोच ट्रिगर हलका भासतो.

पहिलं काम: मोजा, जाणून घ्या, नोंदवा

कोणत्याही स्क्रूला हात लावायच्या आधी आहे त्या स्थितीत पाच वेळा वजन घ्या. पाचही वेळा १० ते २० ग्रॅमच्या आत आलं तर यंत्रणा निरोगी आहे. ५०-६० ग्रॅमचा फरक पडत असेल तर स्क्रू फिरवून काही साधणार नाही, कुठेतरी घाण किंवा घर्षण आहे.

मग डोळे मिटून ट्रिगर फार हळू, दहा सेकंद घेऊन ओढा. फर्स्ट स्टेजमध्ये खरखर लागते का? भिंत स्पष्ट आहे का, की गुळगुळीतपणे पुढे जाते? भिंतीनंतर ट्रिगर सरकताना जाणवतो का? सुटल्यावर किती मागे जातो? जे वाटेल ते वहीत लिहा.

आता ग्रिप काढा आणि तेच पुन्हा करा. ही पायरी फार जण गाळतात. लाकडी ग्रिप आतून ट्रिगर बारला (ट्रिगरची चाल सिअरपर्यंत नेणारी पट्टी) घासत असेल, किंवा ओल्या हवेत फुगून टेकली असेल, तर खरखर ग्रिपची असते आणि दोष ट्रिगरला लागतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे हमखास होतं. ग्रिप काढल्यावर ट्रिगर साफ चालला तर ग्रिपच्या आत कुठे चकाकी आली आहे ते बघा आणि तिथलं लाकूड बारीक सँडपेपरने अर्धा मिलिमीटर उतरवा. काम तिथेच संपू शकतं.

साफसफाई

.२२ काडतुसाच्या गोळीवर मेण किंवा ग्रीस असतं. ते जळक्या पावडरीत मिसळून ट्रिगरच्या खोबणीत उतरतं आणि तेल पडलं की त्याची चिकट पेस्ट होते. ‘ट्रिगर बिघडला’ अशा तक्रारींतला मोठा वाटा या पेस्टचा असतो.

मॅन्युअल सांगतं तेवढंच उघडा. जीएसपीसारख्या पिस्तुलात पूर्ण ट्रिगर युनिट एका तुकड्यात बाहेर येतं, ते सोयीचं आहे. सिअर आणि डिस्कनेक्टर (दर गोळीनंतर ट्रिगर सिअरपासून तोडणारा भाग) यांच्या बारीक स्प्रिंगा मात्र सोडवू नका. त्या उलट्या बसल्या तरी पिस्तूल चालल्यासारखं दिसतं आणि नेमकं मॅचमध्ये दगा देतं. युनिट सॉल्व्हंटने धुवा, खालून घाण निथळू द्या, पूर्ण वाळवा. मग सिअरच्या नाकावर काडीच्या टोकाएवढं मॉलिब्डेनम ग्रीस, पिनांवर तेलाचा एक-एक ठिपका. याहून जास्त नको. वरून स्प्रे फवारून ओलं ठेवलेलं युनिट महिन्याभरात पुन्हा पेस्ट पकडतं. दमट भागात गंजाची भीती असेल तर बाहेरच्या धातूवर तेलाचा हात फिरवा, आतल्या पकडीच्या जागांवर त्या जरा­शा ग्रीसशिवाय काही नको.

पुन्हा पाच वेळा वजन घ्या. निम्म्या पिस्तुलांचं काम इथेच झालेलं असतं, आणि तसं असेल तर पुढचे स्क्रू केवळ आपल्या आवडीपुरते थोडे फिरवायचे राहतात.

ट्रिगरची जागा

वजन ठरवण्याआधी ट्रिगरचं पातं योग्य ठिकाणी आणा, कारण बोट कुठे टेकतं त्यावर जाणवणारं वजन बदलतं. पुढच्या पेऱ्याच्या गादीचा मध्य पात्यावर यावा, दाब नळीच्या रेषेत सरळ मागे जावा. तर्जनीचा मुळाकडचा भाग आणि ग्रिप यांत एक-दोन मिलिमीटर फट हवी. बोट ग्रिपला चिकटलं की ट्रिगर ओढताना पूर्ण ग्रिप ढकलली जाते आणि साइट बाजूला पळते. पातं पुढे-मागे करून आणि थोडं तिरकं करून हे जमवा, मग स्क्रू पक्का करा. त्यानंतर त्याला हात लावायचा नाही.

स्क्रूंचा क्रम

प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर मार्करची एक रेघ मारा आणि मोबाइलने फोटो घ्या. एका वेळी एकच स्क्रू, पाव फेरीहून जास्त नाही, प्रत्येक बदलानंतर ट्रिगर ओढून बघा आणि वहीत लिहा. दोन स्क्रू एकदम फिरवले की नेमका कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

१. ट्रिगर स्टॉप पूर्ण मोकळा करा. हा सर्वांत शेवटी सेट करायचा असतो, पण सैल सर्वांत आधी करायचा. तो घट्ट असताना सिअर पूर्ण निसटत नाही, हॅमरच्या खाचेवर घासतो, आणि तुम्ही घेतलेलं प्रत्येक वजन खोटं निघतं.

२. फर्स्ट स्टेजची लांबी ठरवा. दोन-तीन मिलिमीटर बहुतेकांना पुरते. फार आखूड केली तर गोळीनंतर ट्रिगर पुरेसा पुढे येत नाही, डिस्कनेक्टर पुन्हा जोडला जात नाही, आणि पुढच्या गोळीला ट्रिगर मेल्यासारखा मोकळा लागतो. रॅपिड सिरीजमध्ये असं झालं तर पूर्ण सिरीज हातची जाते.

३. फर्स्ट स्टेजचं वजन. बाटलीत पाणी भरून ७०० ग्रॅम करा. बाटली लटकवली की ट्रिगर भिंतीपर्यंत यावा आणि तिथेच थांबावा. अर्ध्यात अडकला तर स्प्रिंग सैल करा, भिंत ओलांडून सुटला तर पुढे जाऊ नका; सिअरची पकड आधीच धोकादायक कमी आहे.

४. सिअरची पकड, म्हणजे सेकंड स्टेजची चाल. सर्वांत नाजूक स्क्रू हाच. आधी पकड वाढवा, इतकी की भिंतीनंतर ट्रिगर सरकताना स्पष्ट जाणवेल. मग अष्टमांश फेरीने कमी करत या. सरकणं जाणवेनासं झालं की थांबा आणि अष्टमांश फेरी परत वाढवा. ही शेवटची माघार घेतलीच पाहिजे. आज स्वच्छ पिस्तुलात जी पकड जेमतेम पुरते, ती तीनशे गोळ्यांनंतर घाणीवर तरंगू लागते. भिंतच नाहीशी झाली, ट्रिगर फर्स्ट स्टेजमधून थेट सुटू लागला, तर बोटाला ते छान वाटेल. पण ते पिस्तूल रेंजवर नेण्याजोगं राहिलेलं नाही.

५. सेकंड स्टेजचं वजन. एकूण १०३० ते १०५० ग्रॅमवर आणा. बरोबर १००० वर ठेवू नका. स्प्रिंग बसते, उकाड्यात तेल पातळ होतं, तपासणीच्या टेबलावरचा हात तुमचा नसतो. ३०-४० ग्रॅम जास्त असल्याने एकही गुण जात नाही, आणि तपासणीच्या रांगेत पुन्हा स्क्रू फिरवायची पाळी येत नाही.

६. शेवटी ट्रिगर स्टॉप. तो आत घ्या, हॅमर पडेनासा होईपर्यंत. मग हळूहळू बाहेर काढा, पडू लागला की आणखी पाव ते अर्धी फेरी सैल करा. सुटल्यावर ट्रिगर किंचित मागे जाताना जाणवला पाहिजे. अगदी शून्यावर आणलेला स्टॉप घाण साचली की सिअर निसटू देत नाही.

तपासणी, रिकाम्या पिस्तुलावर

ट्रिगर भिंतीपर्यंत आणा आणि गोळी न सोडता बोट पुढे न्या. हे पाच-सहा वेळा करून लगेच वजन घ्या. वजन घटलं असेल तर सिअर पूर्ण परत बसत नाही. काही रचनांमध्ये फर्स्ट स्टेजच सिअरला थोडं बाहेर आणते, तिथे ही चाचणी सर्वांत महत्त्वाची. नेम मनासारखा नसेल तर पिस्तूल खाली घेणं हे आपण रोज करतो; नेमकं तेव्हा पिस्तूल सर्वांत धोक्याचं झालेलं नको.

दुसरी चाचणी: ट्रिगरला बोट न लावता स्लाइड पूर्ण मागे ओढून सोडा आणि हॅमर चढलेलाच राहिला का बघा. दहा-पंधरा वेळा पुरे. रिकाम्या चेंबरवर स्लाइड सारखी आपटल्याने सिअरची धार झिजते, म्हणून गंमत म्हणून हे करत बसू नका. तिसरी: ट्रिगर मागे धरूनच स्लाइड चालवा. हॅमर चढलेला राहिला पाहिजे, बोट सोडल्यावर रीसेटचा टिकटिक आवाज आला पाहिजे. चौथी: हॅमर चढवून ग्रिपच्या दोन्ही बाजूंना आणि मागे रबरी हातोडीने हलके ठोके द्या. एकदाही हॅमर पडला तर क्रमांक चारच्या पायरीकडे परत जा.

जिवंत गोळीवर

रेंज ऑफिसरला सांगूनच सुरू करा. नळी टार्गेटकडे, दोन्ही हातांची पकड. आधी मॅगझिनमध्ये एकच काडतूस, पाच वेळा. मग दोन, पाच वेळा. पिस्तूल दुहेरी सुटणार असेल तर या टप्प्यावर फक्त एक जास्तीची गोळी जाईल आणि पिस्तूल रिकामं होईल. थेट पाच भरली असती तर नळी वर उचलली जात असताना उरलेल्या कुठे गेल्या असत्या हे सांगता येणार नाही. दोन्ही टप्पे सुरळीत गेले की पाच भरा. एकदाही दुहेरी सुटलं तर त्या दिवशी ते पिस्तूल बंद.

दोनेकशे गोळ्यांनंतर पुन्हा वजन घ्या. नव्या स्प्रिंगा आणि नव्या जागेवरचे स्क्रू बसतात. वजन स्थिर राहिलं की स्क्रूच्या डोक्याच्या कडेला नेल पॉलिशचा एक ठिपका लावा. मजबूत थ्रेड-लॉक वापरू नका, तो आत झिरपला तर सिअरच चिकटतो.

प्रकारानुसार बदल

महिलांच्या २५ मीटर पिस्तुलात ३० गोळ्या प्रिसिजनच्या (सावकाश, अचूक नेमाच्या) आणि ३० रॅपिडच्या (झटपट झाडायच्या) असतात. रॅपिडमध्ये टार्गेट ३ सेकंद समोर असतं, हात ४५ अंशांवरून वर येतो आणि तो वर येत असतानाच फर्स्ट स्टेज घेतलेली असावी लागते. म्हणून फर्स्ट स्टेज जड आणि सेकंड हलकी, साधारण ७५०-२९० अशी वाटणी, दोन्ही टप्प्यांना मानवते. फर्स्ट स्टेज हलकी ठेवून सेकंड जड केली तर प्रिसिजनमध्ये भिंत छान लागते, पण रॅपिडमध्ये घाईचं बोट त्या भिंतीवर आपटतं आणि उजव्या हाताच्या नेमबाजाची गोळी खाली डावीकडे जाते. एकाच मॅचमध्ये दोन सेटिंग करायला वाव नाही: ट्रिगर तपासून झाल्यावर स्क्रूला हात लावता येत नाही, आणि नंतरही कधीही तपासणी होऊ शकते.

एअर पिस्तुलाला हाच क्रम चालतो, मर्यादा ५०० ग्रॅमची. वजन घेताना हवेचा चार्ज चालू असावा लागतो, घरीही तसंच मोजा.

ज्याला हात लावायचा नाही

सिअरचं नाक आणि हॅमरची खाच दगडावर घासू नका. कडक केलेला थर पातळ असतो, कोन काही अंशांनी बदलला तरी हॅमर आपोआप बाहेर सरकू लागतो, आणि हे नुकसान स्क्रूने भरून निघत नाही. तसं काम लायसन्सधारक गनस्मिथचं किंवा कंपनीच्या आर्मररचं. दुसऱ्याचं पिस्तूल दुरुस्त करून देण्याचा व्यवसाय आपल्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय करता येत नाही, हेही लक्षात असू द्या. हॅमर स्प्रिंग कापून वजन कमी करण्याचा उपायही तसाच: रिमफायरला कडेवर जोराचा ठोका लागतो, स्प्रिंग मऊ झाली की काडतुसं फुटेनाशी होतात. ट्रिगर बारच्या बाजू, जिथे फक्त घासणं होतं आणि पकड नसते, त्या २००० नंबरच्या सँडपेपरने हलक्या हाताने उजळल्या तर चालतं.

वहीत तारीख, एकूण वजन, फर्स्ट स्टेजचं वजन आणि तोपर्यंत झाडलेल्या गोळ्या लिहीत चला. दर हजार गोळ्यांनी आणि प्रत्येक मॅचच्या आदल्या सरावाला बाटली लटकवा. वजन हळूहळू वाढत असेल तर साफसफाईची वेळ झाली. हळूहळू घटत असेल तर सिअर झिजतो आहे, आणि ते पिस्तूल आर्मररकडे पाठवा.